वरून खाली पाहताना

पडद्यावर अश्मयुगातली ती छोटी दगडी स्त्रीमूर्ती आली आणि सभागृहात हशा पिकला. मोठे स्तन, सुटलेलं पोट, जाड मांड्या, पावलं नाहीत, चेहरा नाही. वक्त्यांनी चित्र जरा मोठं केलं आणि म्हणाले, "त्या काळच्या पुरुषांना काय आवडायचं ते बघा." पुन्हा हशा. मी मागच्या रांगेत खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. सातवा महिना होता, पाठ टेकली की श्वास पुरायचा नाही. मी हसले की नाही ते आठवत नाही. व्याख्यान संपल्यावर घरी जाताना मी अंग चोरून चालत होते, ते मात्र आठवतं.

त्या रात्री कपडे बदलताना मान खाली गेली आणि मी स्वतःकडे पाहिलं. आरशात नव्हे, वरून खाली. आधी छातीचे दोन उंचवटे. त्यांच्या पलीकडे पोट, बेंबी बाहेर आलेली. पोटाच्या दोन्ही अंगांना मांड्यांची जराशी कड, आणि त्यापुढे काहीच नाही. पावलं दिसतच नव्हती. ती बघायची तर वाकायला हवं होतं आणि वाकता येत नव्हतं. हे रूप मी दुपारीच पडद्यावर पाहिलं होतं, पण तेव्हा ते ओळखीचं वाटलं नव्हतं.

हे आपल्याआधी कुणाला तरी सुचलं होतं, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. १९९६ साली लीरॉय मॅकडर्मॉट या कला-अभ्यासकानं आणि त्याच्याबरोबर कॅथरीन मॅकॉइड यांनी एक मांडणी केली. पुराश्मयुगातल्या, म्हणजे दगडी हत्यारांच्या सगळ्यात जुन्या काळातल्या, अशा स्त्रीमूर्ती दुसऱ्या कुणी समोरून पाहून घडवलेल्या नसून बाईनं स्वतःच्या शरीराकडे वरून पाहत घडवलेल्या असाव्यात, अशी ती मांडणी. स्तन आणि पोट मोठं, कारण ते डोळ्यांच्या जवळ. पाय निमुळते होत संपतात, कारण ते लांब. चेहरा नाही, कारण आरसा नसेल तर स्वतःचा चेहरा दिसत नाही. त्यांनी गरोदर बाईच्या डोळ्यांच्या उंचीवरून तिच्याच शरीराचे फोटो काढले आणि मूर्तींचे त्याच कोनातून काढलेले फोटो शेजारी ठेवले. ते फोटो पाहिले तेव्हा मला त्या जुन्या रात्रीची खोली आठवली, अगदी दिव्यासकट.

या मांडणीवर आक्षेप आले आणि ते रास्त आहेत. माणूस एकटा राहत नाही. दुसऱ्याची पावलं, दुसऱ्याचा चेहरा त्याला दिसतोच. फ्रान्समधल्या ब्रासँपूईच्या गुहेत १८९४ मध्ये मिळालेल्या हस्तिदंती मस्तकाला नाक आहे, भुवया आहेत. जर्मनीतल्या होहले फेल्स गुहेतली मूर्ती तर आणखी वेगळी. २००८ मध्ये मिळालेली, मॅमथ या नामशेष हत्तीच्या सुळ्यातून कोरलेली, जेमतेम ६ सेंटिमीटरची, किमान ३५ हजार वर्षांपूर्वीची. तिला डोकंच नाही, त्या जागी एक छोटी कडी आहे, म्हणजे ती कुणी तरी गळ्यात घालत असणार. सगळ्याच मूर्ती वरून खाली पाहून केल्या असं म्हणता येणार नाही. तरी मला ही मांडणी मोलाची वाटते. मूर्तीसमोर पुरुष उभा आहे, हे शंभर वर्षं कुणीही न बोलता धरून चाललं होतं. पहिल्यांदाच कुणी तरी विचारलं, की पाहणारी तीच असेल तर?

पडद्यावरच्या त्या मूर्तीचं नावच बघा. विलेनडॉर्फची 'व्हीनस'. ऑस्ट्रियात ७ ऑगस्ट १९०८ रोजी एका मजुराच्या हाती ती लागली. ११ सेंटिमीटरची, मुठीत मावणारी, चुनखडकाची, अंगावर लाल गेरूचे कण. वय २५ ते ३० हजार वर्षांच्या दरम्यान. पण 'व्हीनस' हा शब्द या मूर्तींना त्याच्या कितीतरी आधी चिकटला होता. १८६४ मध्ये फ्रान्समध्ये मिळालेल्या अशाच एका मूर्तीला मार्की द व्हिब्रे यानं 'निर्लज्ज व्हीनस' म्हटलं होतं. रोमन प्रेमदेवता लाजून अंग झाकते, ही झाकत नाही, म्हणून निर्लज्ज. हजारो वर्षं मातीखाली असलेल्या बाईनं मातीतून वर आल्या आल्या लाज वाटून घ्यायला हवी होती.

आणि 'व्हीनस' हे नाव त्याच्याही आधी आणखी एका बाईला लावलं गेलं होतं, जिवंत बाईला. दक्षिण आफ्रिकेतल्या खोईखोई समाजातली सारा बार्टमन. १८१० मध्ये तिला लंडनला नेलं आणि 'हॉटेंटॉट व्हीनस' म्हणून ('हॉटेंटॉट' हे युरोपीयांनी तिच्या समाजाला दिलेलं नाव) तिकीट लावून तिचं शरीर लोकांना दाखवलं. १८१५ मध्ये ती पॅरिसमध्ये वारली. क्युव्हिए या नामवंत शास्त्रज्ञानं तिच्या देहाचं विच्छेदन केलं. तिचा सांगाडा, मेंदू, गुप्तांग पॅरिसच्या संग्रहालयात ठेवण्यात आलं आणि त्याचं प्रदर्शन १९७० च्या दशकापर्यंत चालू होतं. २००२ मध्ये ती मायदेशी परतली आणि तिचं दफन झालं. ब्रासँपूईचं मस्तक शोधणारा एदुआर पिएत पुराश्मयुगीन मूर्तींच्या नितंबांची तुलना आफ्रिकेतल्या बायकांच्या शरीराशी करत होता, त्यातून वंशांचा इतिहास लावत होता. म्हणजे एका बाईला तिकीट लावून बघायची जी नजर होती, तीच नजर पुढे दगडाच्या मूर्तीवर आली. सभागृहातल्या त्या हशाचं मूळ मला इथे सापडलं. त्या वक्त्यांविषयी आता राग नाही. त्यांनी नवं काही केलं नव्हतं, जुनं तसंच पुढे दिलं होतं.

मला आता त्या मूर्तीकडे बघताना सगळ्यात आधी तिचं डोकं दिसतं. चेहरा नाही हे खरं, पण डोक्यावर जे आहे ते घडवायला शरीराच्या इतर कुठल्याही भागापेक्षा जास्त वेळ लागला असणार. अनेक वर्षं त्याला कुरळे केस म्हणत. २००० साली ओल्गा सॉफर, जेम्स अ‍ॅडोव्हासिओ आणि डेव्हिड हायलंड यांनी जवळून पाहून सांगितलं की ही विणलेली टोपी आहे. वीण डोक्याच्या मध्यापासून सुरू होते आणि टोपली विणतात तशी वळसे घेत खाली येते. ज्यानं किंवा जिनं हे कोरलं, त्या व्यक्तीला वीण कुठून सुरू होते हे हातानं माहीत होतं. फ्रान्समधल्या लेस्प्यूगच्या मूर्तीला मागच्या बाजूनं दोऱ्यांचा परकर आहे. प्रत्येक दोऱ्याचा पीळ कोरलाय, आणि खाली टोकाशी तो पीळ सुटत गेलेलाही दाखवलाय. हस्तिदंतात! दोरा वळणाऱ्या माणसालाच पीळ सुटताना कसा दिसतो ते ठाऊक असतं.

आपण 'नग्न' म्हणून ज्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी टोप्या घातल्या होत्या, पट्टे बांधले होते. फक्त आपली नजर तिथपर्यंत पोचली नव्हती.

आणि दोरा हा या सगळ्या विषयाचा कळीचा मुद्दा आहे. दगड टिकतो, दोरा कुजतो. म्हणून या काळाला आपण अश्मयुग म्हणतो. दगडाच्या जागी दोरा टिकला असता तर काय म्हटलं असतं, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. चेक देशातल्या डोल्नी वेस्टोनिसे आणि पाव्हलॉव्ह इथे सुमारे २७ हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या ढेकळांवर विणीचे ठसे मिळाले. कापड गेलं, मातीनं त्याची आठवण धरून ठेवली. सॅली लिंटन यांनी १९७१ मध्येच म्हटलं होतं की माणसाच्या अगदी पहिल्या साधनांत मूल आणि गोळा केलेलं अन्न वाहून न्यायची झोळी असावी. झोळीचा एक तंतूही उरणार नाही. भाल्याचं टोक उरतं आणि त्यावरून आपण सगळा माणूस उभा करतो.

'आदिमानव' हा शब्दही तसाच. आदिमानव शिकार करायचा, आदिमानव गुहेत राहायचा, आदिमानवाला आगीचा शोध लागला. शाळेत हे पाठ करताना त्या वाक्यांत आपण कुठे आहोत हे मी कधी विचारलं नाही. माझ्या मुलीनं विचारलं. तिच्या पुस्तकातल्या चित्रात दोन पुरुष उभे होते, हातात भाले, आणि कोपऱ्यात पाठमोरी एक बाई गुडघ्यांवर ओणवी. "ही काय करतेय?" मला सांगता येईना. चित्रकारालाही बहुधा ठाऊक नव्हतं. डायेन गिफर्ड-गोन्झालेझ यांनी १९९३ मध्ये अशाच चित्रांचा अभ्यास मांडला होता. पुरुष उभे, धावणारे, बनवणारे. बाई गुडघ्यांवर, कातडं खरवडणारी, चेहरा दिसत नसलेली. तेव्हा मला त्या चित्राचा राग आला तो ती ओणवी आहे म्हणून. आता वाटतं, राग चुकीच्या जागी होता. याकडे मी पुन्हा येते.

स्त्रीवादी पुरातत्त्व हे काही एका दिवशी सुरू झालं नाही. १९७९ मध्ये नॉर्वेतल्या पुरातत्त्वज्ञ बायकांनी एक परिषद भरवली, तिचं नाव 'ते सगळे पुरुषच होते का?' १९८४ मध्ये अमेरिकेत मार्गारेट कॉन्की आणि जॅनेट स्पेक्टर यांचा निबंध आला आणि त्यानंतर हा प्रश्न कुणाला टाळता येईना. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पुरातत्त्वज्ञ म्हणतात, आम्ही स्त्री-पुरुषांविषयी काही बोलत नाही, पुरावाच नसतो. पण बोलत तर सगळेच असतात. आपल्या काळातले नवरा-बायको उचलून गुहेत बसवतात आणि त्याला पुरावा म्हणतात.

हे हाडांच्या बाबतीत तर फार स्पष्ट दिसतं. सांगाडा बाईचा की पुरुषाचा हे मुख्यतः कंबरेच्या हाडावरून ठरवतात. बाईच्या ओटीपोटाच्या हाडांमधली जागा रुंद, खाचेचा कोन मोकळा. कवटीवर भुवयांचा उंचवटा कमी. पण जमिनीतून निघणारा सांगाडा क्वचितच धड असतो आणि बरीचशी माणसं दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी असतात. केनेथ वाइस यांनी १९७२ मध्ये जगभरच्या सांगाड्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा पुरुष सुमारे १२ टक्क्यांनी जास्त भरले. इतके पुरुष जन्मालाच येत नाहीत. जिथे शंका, तिथे पुरुष, अशी हाताला सवय लागली होती.

कधी हाडं न बघता नुसत्या वस्तूंवरूनही निकाल लागे. वेल्समधल्या पॅव्हिलँडच्या गुहेत १८२३ मध्ये विल्यम बकलंड यांना गेरूनं माखलेला सांगाडा मिळाला, सोबत शिंपले आणि हस्तिदंताच्या वस्तू. दागिने आहेत म्हणजे बाई, आणि बाई रोमन छावणीजवळची, म्हणजे तिचं चारित्र्यही ठरलं. ती 'लाल बाई' प्रत्यक्षात एक तरुण पुरुष होता, सुमारे ३३ हजार वर्षांपूर्वीचा. उलट गोष्ट स्पेनची. सेव्हिलजवळच्या व्हॅलेन्सिनामध्ये २००८ मध्ये एक श्रीमंत कबर उघडली. अख्खा हत्तीचा सुळा, शहामृगाच्या अंड्याचं कवच, अंबर. जवळपास ५ हजार वर्षांपूर्वी त्या सगळ्या परिसरात इतका मान दुसऱ्या कुणाला मिळालेला दिसत नव्हता. म्हणजे पुरुष, तरुण, बहुधा मुखिया. २०२३ मध्ये त्याच्या दातांच्या एनॅमलमधलं, म्हणजे वरच्या कठीण आवरणातलं, एक प्रथिन तपासलं. हे प्रथिन एक्स आणि वाय गुणसूत्रांवर वेगवेगळ्या रूपात लिहिलेलं असतं आणि डीएनए नष्ट झाला तरी दातात टिकून राहतं. ती बाई निघाली.

स्वीडनमधल्या बिर्का इथली कबर याहून प्रसिद्ध आहे. १८७८ मध्ये उघडली; तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन ढाली, दोन घोडे, पटावरच्या सोंगट्या. दहाव्या शतकातला नामांकित योद्धा म्हणून ती पुस्तकांत छापली गेली. २०१७ मध्ये डीएनएनं सांगितलं की हाडं बाईची आहेत. मग शंका सुरू झाल्या. हत्यारं तिची नसतील, वारसानं आली असतील, नुसता मान म्हणून ठेवली असतील, हाडांची सरमिसळ झाली असेल. शंका घ्यायलाच हव्यात, अभ्यास त्यावरच चालतो. पण आधीच्या १३९ वर्षांत, कबर पुरुषाची आहे असं वाटत होतं तोवर, ही हत्यारं त्याचीच कशावरून, असं कुणाला विचारावंसं वाटलं नव्हतं. आणि गुणसूत्रांवरून ती व्यक्ती स्वतःला काय समजत होती, तिला लोक काय म्हणत होते, हेही कळत नाही. दात तेवढं सांगत नाहीत.

पेरूच्या अँडीज पर्वतात, ३,९०० मीटरहून जास्त उंचीवर, विलामाया पात्खा इथे २०१८ मध्ये ९ हजार वर्षांपूर्वीची एक कबर मिळाली. मांडीजवळ दगडी हत्यारं अशी एकावर एक, जणू एखाद्या पिशवीत भरून ठेवलेली होती आणि पिशवी तेवढी कुजून गेली. भाल्याची टोकं, पाती, कातडं खरवडायची अवजारं. खोदणाऱ्यांमध्ये बोलणं सुरू झालं, कुणी तरी मोठा शिकारी असणार, मोठा माणूस. हाडं बारीक होती, म्हणून शंका आली, आणि दातातल्या प्रथिनानं सांगितलं की ती १७ ते १९ वर्षांची मुलगी होती. अमेरिका खंडातल्या जुन्या कबरींच्या नोंदी मग पुन्हा चाळल्या तेव्हा मोठ्या शिकारीच्या हत्यारांसह पुरलेल्यांत ११ स्त्रिया सापडल्या.

ती बातमी आली त्या दिवशी मैत्रिणींनी ती एकमेकींना पाठवली, मीही पाठवली. आनंद खरा होता. पण दोन-तीन दिवसांनी काही तरी टोचायला लागलं. शिकारी बाईची बातमी होते, योद्धा बाईची होते. दळणाऱ्या बाईची होत नाही. म्हणजे मोजपट्टी जुनीच राहिली. भाला मोठा, टोपली छोटी हे आपण मान्यच केलं, फक्त भाल्याच्या बाजूला आपल्यातली एक जण उभी केली. १९६६ मध्ये शिकागोला 'शिकारी मानव' या विषयावर परिषद झाली होती. त्याच परिषदेत रिचर्ड ली यांनी कलहारीच्या वाळवंटातल्या लोकांचे आकडे मांडले. त्यांच्या अन्नाचा मोठा भाग बायकांनी गोळा केलेल्या वनस्पतींचा होता. आकडे समोर असूनही परिषदेचं नाव तेच राहिलं.

अशा मूर्तींना देवी म्हणण्यातही मला हीच अडचण वाटते. तुर्कस्तानात चाताल्ह्योयुक इथे १९६१ मध्ये पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्ट यांना धान्याच्या कोठीत एक मूर्ती मिळाली. दोन्ही बाजूंना दोन मोठी मांजरकुळातली जनावरं, मध्ये बसलेली भरदार बाई. मातृदेवता म्हणून ती जगभर गेली. पुरातत्त्वज्ञ मारिया गिम्बुटास यांनी अख्ख्या जुन्या युरोपची देवी उभी केली, आणि अनेक बायकांना त्यातून बळ मिळालं, ते मी कमी लेखणार नाही. पण व्हीनस असो की देवी, बाईचं शरीर कशाचं तरी चिन्हच राहतं. नंतरच्या उत्खननात तिथे आणखी मूर्ती मिळाल्या. लिन मेस्केल यांनी त्या पाहून सांगितलं की यांतल्या बऱ्याचजणींचे स्तन आणि पोट ओघळलेलं आहे. या प्रसूतीच्या वयातल्या नाहीत, या वय झालेल्या बायका आहेत. प्रजननाची देवता नव्हे, मान मिळवलेली म्हातारी. मला हे वाचून फार बरं वाटलं. वय झालेल्या शरीराची मूर्ती कुणाला करावीशी वाटली, आणि तिला पाळी नाही, मूल होणार नाही, तरी ती जपून ठेवावीशी वाटली.

बाळंतपणाचं तर हाडांवर नीट नोंदलंच जात नाही. कंबरेच्या हाडाच्या आतल्या बाजूला काही खळगे दिसतात. अनेक वर्षं त्यांना बाळंतपणाच्या खुणा मानत होते. मग तसेच खळगे मूल न झालेल्या बायकांच्या आणि पुरुषांच्याही हाडांवर दिसले. बाईच्या शरीरातली एवढी मोठी घटना आणि सांगाडा त्याविषयी जवळजवळ गप्प. म्हणून डेन्मार्कमधल्या वेडबेकची कबर वाचताना थांबावंच लागतं. १९७५ मध्ये मिळालेली, सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीची. अठराएक वर्षांची मुलगी, तिच्या डोक्याखाली हरणाच्या दातांनी आणि शंखांनी मढवलेलं काही तरी, बहुधा तिचाच पोशाख घडी करून उशाला दिलेला. शेजारी नुकतंच जन्मलेलं मूल. ते मूल हंसाच्या पंखावर निजवलं होतं आणि त्याच्या कमरेशी गारगोटीची एक सुरी ठेवली होती. वापरण्याआधीच ज्याचे हात संपले, त्याला सुरी. हंसाचं पीस केव्हाच गेलं. पंखाची बारीक हाडं उरली, त्यांवरूनच कळलं.

आता त्या ओणव्या बाईकडे.

सीरियात युफ्रेटिसच्या काठी अबू हुरेरा नावाचं गाव होतं. धरण होणार म्हणून १९७२-७३ मध्ये घाईनं उत्खनन झालं आणि मग ते सगळं असद जलाशयाखाली गेलं. तिथल्या हाडांचा अभ्यास थिया मॉलसन यांनी केला आणि १९९४ मध्ये लिहिलं. पायाच्या अंगठ्याचं हाड. सांध्याशी ते सुजल्यासारखं वाढलेलं, कडा झिजलेल्या, बोट वरच्या बाजूला जोरात दुमडून ठेवल्यासारखं. एकाच्या नव्हे, कितीतरी जणांच्या पायात. त्यांच्याच गुडघ्यांवर हाडाची वाढ, पाठीचे खालचे मणके दबलेले, दंडाच्या हाडावर स्नायू चिकटतो तिथे दोन्ही बाजूंना सारखाच ठळक उंचवटा. मॉलसन यांनी हे सगळं जुळवलं तेव्हा एक बैठक तयार झाली. गुडघे जमिनीवर, पावलाची बोटं मागे दुमडलेली, पुढे पाटा, दोन्ही हातांत वरवंटा. पुढे रेटायचं, मागे ओढायचं. पुढे, मागे. अंगठ्याचा आधार घेतल्याशिवाय जोर लागत नाही, म्हणून अंगठा झिजायचा. आणि हे अंगठे बहुतेक बायकांचे होते.

२०१७ मध्ये केंब्रिजच्या अ‍ॅलिसन मॅकिंटॉश व जे स्टॉक आणि त्यांच्याबरोबर रॉन पिन्हासी यांनी मध्य युरोपातल्या नवाश्मयुगीन, म्हणजे शेती सुरू झाली त्या काळातल्या, बायकांच्या दंडाच्या हाडांची तुलना आजच्या बायकांशी केली. ही कल्पना साधी वाटते, पण त्याआधी बायकांची हाडं पुरुषांच्या हाडांशीच ताडून पाहत. पुरुषांच्या हाडांवर कष्टाचा परिणाम जास्त ठळक उमटतो, त्यामुळे बायकांचे कष्ट कमी भासत. बाईशी बाईची तुलना केल्यावर निघालं ते असं : सुमारे ७ हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी बायकांचे दंड नावेच्या शर्यतीत वल्ही मारणाऱ्या विद्यापीठाच्या निवडक खेळाडूंपेक्षा ११ ते १६ टक्क्यांनी मजबूत होते. सर्वसाधारण विद्यार्थिनींपेक्षा जवळपास ३० टक्क्यांनी. एकट्यादुकट्या बाईचे नव्हे, साध्या बायकांचे. राणीचे नाहीत, योद्ध्यांचे नाहीत. जिथे पाट्यावर धान्य दळणं अलीकडेपर्यंत चालू होतं, तिथे बाई दिवसाला ५ तासांपर्यंत दळायची.

मुलीच्या पुस्तकातली ती पाठमोरी बाई ओणवी आहे हे खरं असेल. राग यायला हवा होता तो तिचे दंड काडीसारखे काढले म्हणून.

पुरातत्त्वाच्या कामातही पुरुष-बायकांची हीच विभागणी होती हे जोन गेरो यांनी १९८५ मध्ये दाखवून दिलं. खोदायला पुरुष पुढे. निवडणं, धुणं, मोजणं, नोंदी करणं बायकांकडे. याला त्यांनी पुरातत्त्वातलं घरकाम म्हटलं. आणि तरीही कधी कधी सगळा शोध त्या निवडण्यातच असतो. डोरोथी गॅरॉड यांनी १९२९ ते १९३४ या काळात पॅलेस्टाइनमधल्या कार्मेल डोंगरावर गुहा खोदल्या. पुढे १९३९ मध्ये त्या केंब्रिजच्या पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. तिथे बायकांना पूर्ण पदवी मिळायला मात्र १९४८ उजाडलं. कार्मेलच्या उत्खननात काम करणाऱ्या बहुतेक जणी आसपासच्या खेड्यांतल्या बायका होत्या. त्यांच्यात युस्रा होती. खोदलेल्या मातीतून काय उचलायचं हे ओळखण्यात तिचा हात कुणी धरत नसे. १९३२ मध्ये ताबून गुहेत तिनं मातीतून एक दात वेचला. त्या दातामागे कवटी निघाली, मग सांगाडा. लाखभर वर्षांपूर्वीची निएंडरथल, म्हणजे आता नामशेष झालेल्या मानवजातीतली, बाई. युस्राला केंब्रिजला शिकायला जायचं होतं, असं तिच्याबरोबर काम केलेल्या जॅकेटा हॉक्स यांनी सांगून ठेवलंय. ती गेली नाही. १९४८ मध्ये आसपासची ती खेडी रिकामी झाली आणि पुढे तिचा माग लागत नाही. आडनावही नाही. त्या निएंडरथल बाईला निदान एक क्रमांक आहे.

एका रविवारी मी हे मुलीला सांगितलं आणि मग आम्ही करून पाहायचं ठरवलं. जमिनीवर सतरंजीची घडी, पुढे लाकडी फळी, हातात नदीतून आणलेला गुळगुळीत दगड. धान्य नव्हतंच, नुसता रेटा. गुडघे टेकले, पावलं मागे उभी केली, बोटं दुमडली. मुलीनं घड्याळ लावलं. पहिली पाच मिनिटं छान गेली. दहाव्या मिनिटाला खांद्यांतून कळ यायला लागली आणि मी नकळत सगळा भार मागे, अंगठ्यांवर टाकला. तोवर मी मान खाली घालूनच होते. दगड पुढे गेला की दंड ताणलेले दिसत, मागे आला की छाती आणि पोट मध्ये येई. मांड्यांची कड दिसत होती. पावलं नाहीत. ती मागे होती, माझ्याही नजरेआड. दळणाऱ्या तिलाही स्वतःचा तो अंगठा कामाच्या वेळी कधी दिसला नसणार, आणि आपल्यापर्यंत पोचला तो तेवढाच.

"वीस मिनिटं," मुलगी म्हणाली.

मी उठायला गेले तर उजवा अंगठा दुमडला होता तसाच राहिला. तिनं तो हातात घेतला आणि हळूहळू सरळ केला.